म्हाताऱ्या कुत्र्याचं रोजचं औषध: खर्च कुठे कमी करता येतो आणि कुठे करू नये

पिल्लू घरी आणताना लसी, खाणं, पट्टा, नसबंदी असा हिशेब बहुतेक घरांत होतो. आठ-दहा वर्षांनी त्याच कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या द्याव्या लागतील, हे मात्र तेव्हा कोणाच्या डोक्यात नसतं. लॅब्रडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींचे कुत्रे सातव्या-आठव्या वर्षीच म्हातारपणाकडे झुकतात. पॉमेरेनियन, स्पिट्झ, डॅशहाउंड अशी लहान कुत्री दहाव्या वर्षाच्या आसपास.

या वयात जे आजार दिसतात त्यातले बरेचसे बरे होत नाहीत, फक्त आटोक्यात राहतात. सांधेदुखी, हृदयाच्या झडपेचा आजार, थायरॉइड कमी पडणं, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, फिट्स ही त्यातली नेहमीची नावं. औषध एकदा सुरू झालं की बहुधा शेवटपर्यंत चालतं. तीन वर्षं, कधी पाच वर्षं. एकट्या पेन्शनवर चालणाऱ्या किंवा घराचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबासाठी हा आकडा लहान नसतो.

पण अशा घरांचं बजेट सहसा रोजच्या गोळीमुळे कोलमडत नाही. गोळीचा खर्च आधी कळतो, त्याची तजवीज करता येते. कोलमडतं ते रात्री अकरा वाजता श्वास लागलेल्या कुत्र्याला चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यात न्यावं लागतं तेव्हा. आणि अशा अनेक रात्रींच्या मागे परस्पर बंद केलेलं औषध, टाळलेली तपासणी किंवा स्वस्त म्हणून दिलेली चुकीची गोळी असते.

महिन्याचा खरा आकडा कसा काढायचा?

बहुतेक जण फक्त गोळ्यांचं बिल धरतात. त्यात तपासण्या, डॉक्टरांची फी आणि अडीअडचणीची रक्कम धरायची राहून जाते.

समजा, गोळ्यांना महिन्याला १,८०० रुपये लागतात. दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवीची तपासणी ३,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला ५०० रुपये. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांची फी ६०० रुपये, म्हणजे महिन्याला २००. एकूण झाले २,५००. त्यात अचानक लागणाऱ्या खर्चासाठी ८०० रुपये वेगळे काढले की ३,३००. हे आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. पुण्यातले दर आणि परभणीतले दर सारखे नसतात. मुद्दा एवढाच की १,८०० रुपयांचा कुत्रा प्रत्यक्षात ३,३०० रुपयांचा असतो. हे आधी माहीत असलं की सहा महिन्यांनी तपासणीची चिठ्ठी हातात पडल्यावर धक्का बसत नाही. वेगळी काढलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाकलेली बरी. घरखर्चाच्या खात्यात ती टिकत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात यायला हवी. कुत्र्याचं औषध त्याच्या वजनावर ठरतं. सहा किलोच्या पॉमेरेनियनला आणि तीस किलोच्या लॅब्रडोरला तोच आजार झाला, तर लॅब्रडोरचा औषधाचा खर्च साधारण पाचपट होऊ शकतो.

निदानावर केलेला खर्च

औषध वर्षानुवर्षं चालणार असेल तर ते खरंच लागतंय का, हे एकदा पक्कं करून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. दोन उदाहरणं नेहमीची आहेत.

पहिलं, खोकणारं म्हातारं पॉमेरेनियन. अशा कुत्र्यात खोकला हृदय मोठं झाल्यामुळे असू शकतो, तसाच श्वासनलिका चपटी पडल्यामुळेही असू शकतो. लहान जातींत दोन्ही आजार सर्रास दिसतात. औषधं मात्र वेगळी. छातीचा एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, केली नाही तर कुत्रा वर्षभर भलतंच औषध खाऊ शकतो. हृदयाच्या झडपेच्या आजारात पिमोबेंडन नावाचं औषध दिलं जातं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ नावाच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की झडप गळते आहे, हृदय मोठं झालं आहे, पण त्रास अजून सुरू झालेला नाही, अशा कुत्र्यांना हे औषध दिल्यास हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिने पुढे जाते. पण नुसती झडपेची घरघर ऐकू येते आणि हृदयाचा आकार नेहमीचाच आहे, अशा कुत्र्याला ते देण्याची शिफारस नाही. म्हणजे एका इकोमुळे एक तर १५ महिने पदरात पडतात, नाही तर कित्येक महिन्यांचं महागडं औषध वाचतं.

दुसरं उदाहरण थायरॉइडचं. सुस्त, जाड, केस गळणारा कुत्रा आला की रक्तातलं टी-४ तपासलं जातं आणि ते कमी आलं की गोळी सुरू होते. पण दुसऱ्या कुठल्याही आजारात, शिवाय स्टेरॉइड किंवा फिट्सचं औषध चालू असताना, टी-४ आपोआप कमी दिसू शकतं. त्यात थायरॉइडचा दोष नसतो. त्यामुळे टीएसएच आणि फ्री टी-४ या पुढच्या तपासण्या करून घ्याव्यात. आयुष्यभराच्या गोळीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

माणसांच्या मेडिकलमधून औषध घेता येतं का?

अनेक औषधांच्या बाबतीत येतं, आणि खर्च कमी करण्याची सगळ्यात मोठी जागा हीच आहे. कुत्र्यांना दिली जाणारी बरीच औषधं मुळात माणसांचीच आहेत. फुफ्फुसात पाणी साठू नये म्हणून दिलं जाणारं फ्युरोसेमाइड, त्याच्या जोडीचं स्पायरोनोलॅक्टोन, रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, फिट्ससाठी फिनोबार्बिटोन आणि लेव्हेटिरासिटाम, मज्जातंतूंच्या वेदनांसाठी गॅबापेंटिन, थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन. डॉक्टरांना फक्त एवढंच विचारायचं: ‘चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहाल का?’

मूळ नाव हातात आलं की जनऔषधी केंद्रात विचारता येतं. देशात अशी १५ हजारांहून अधिक केंद्रं आहेत आणि तिथली औषधं ब्रँडेड औषधांपेक्षा बरीच स्वस्त असतात. ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत आधी बघता येते. शिवाय फ्युरोसेमाइड, लेव्होथायरॉक्सिन, प्रेडनिसोलोन, फिनोबार्बिटोन, इन्सुलिन ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्यामुळे त्यांच्या कमाल किमतीवर सरकारी नियंत्रण असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

चिठ्ठी मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाची हवी. त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक, कुत्र्याचं वजन आणि डोस नीट लिहिलेला असला की दुकानदारही अडवत नाही. फिनोबार्बिटोनसारखी औषधं तर चिठ्ठीशिवाय मिळणारच नाहीत, आणि मिळूही नयेत.

इथेच काही खाचखळगे आहेत, आणि ते नुसते पैशांचे नाहीत.

डोस माणसांसारखा नसतो. लेव्होथायरॉक्सिन माणसाला किलोमागे साधारण दीड मायक्रोग्रॅम लागतं. कुत्र्याला किलोमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम. चिठ्ठीवरचा आकडा बघून मेडिकलवाला ‘हे चुकलंय, इतकं कोणी घेतं का?’ म्हणतो आणि घरचे घाबरून डोस कमी करतात. असं झालं तर फोन डॉक्टरांना करायचा, निर्णय दुकानात घ्यायचा नाही. मेलॉक्सिकॅमचं बरोबर उलटं आहे. सांधेदुखीवर कुत्र्याला रोज चालवायचा डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम असतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला १ मिलिग्रॅम. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. तिचा अंदाजाने पाडलेला तुकडाही डोसच्या कितीतरी वर जातो. इथे कुत्र्यांसाठीचं पातळ औषध महाग वाटलं तरी तेच घ्यावं.

गोळीत दुसरं काही मिसळलेलं नाही ना, हे पत्त्याच्या मागच्या बाजूला वाचून घ्यावं. आपल्याकडे जोड-गोळ्यांचं पीक मोठं आहे. मेलॉक्सिकॅम आणि पॅरासिटामॉल, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध, असे जोड एकाच गोळीत येतात. दुकानदार ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून असा पत्ता सहज पुढे करतो. पातळ औषधांत आणखी एक धोका असतो. माणसांच्या शुगर-फ्री सिरपमध्ये झायलिटॉल हे गोड द्रव्य असू शकतं. ते कुत्र्याची साखर झपाट्याने पाडतं आणि यकृतालाही मारक ठरतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या घरात सहज सापडणाऱ्या वेदनाशामकांना हातही लावू नये. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. दहा रुपयांच्या गोळीनंतर आठवडाभर सलाइन लावावं लागलेली कुत्री पशुवैद्यकांच्या नेहमीच्या पाहण्यातली आहेत. (जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ पासून बंदी आहे, पण ती गिधाडांसाठी. कुत्र्यासाठीचं कारण वेगळं, निष्कर्ष मात्र तोच.) सांध्यांची वेदनाशामक गोळी आणि प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड एकाच वेळी देणंही तितकंच धोक्याचं. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या कारणांसाठी ही औषधं दिली, तर हे नकळत घडतं. म्हणून चालू औषधांची यादी मोबाइलमध्ये फोटोसारखी जवळ असावी.

गोळी मोडण्याबद्दलही बोलायला हवं. अनेक औषधांत ४० मिलिग्रॅमची गोळी २० च्या दुप्पट किमतीची नसते, त्यामुळे मोठी गोळी घेऊन अर्धी करणं परवडतं. मधोमध खाच असलेली साधी गोळी कटरने कापता येते. आतड्यात विरघळण्यासाठी वेगळं वेष्टण दिलेली किंवा दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी कापायची नाही. पिमोबेंडन मात्र माणसांच्या दुकानात मिळायचं नाही, ते कुत्र्यांचंच औषध. वेगवेगळ्या कंपन्यांचे पर्याय आहेत का, एवढं डॉक्टरांना विचारता येतं. आणि ते जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी द्यायचं. महागडी गोळी भाताच्या मोठ्या गोळ्यात लपवून दिली तर ती अंगाला नीट लागत नाही.

मधुमेह: इन्सुलिन आणि सिरिंज

कुत्र्यांच्या मधुमेहात जवळजवळ नेहमीच इन्सुलिन लागतं. घरातल्या आजोबांच्या मेटफॉर्मिनने कुत्र्याचं भागत नाही. बऱ्याच कुत्र्यांना माणसांसाठीचं एनपीएच प्रकारचं इन्सुलिन चालतं. भारतात ते ४० युनिट प्रति मिलिलिटर ताकदीच्या बाटलीत मिळतं. दहा मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट. दिवसाला एकूण दहा युनिट लागणाऱ्या कुत्र्याला हिशेबाने ती ४० दिवस पुरते. पण उघडलेली बाटली किती दिवस वापरायची हे वेष्टणावर लिहिलेलं असतं, आणि ती मुदत साधारण महिन्याभराची असते. उरलेलं औषध ओढूनताणून वापरलं तर साखर आटोक्यात राहत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सिरिंज. ४० ताकदीच्या इन्सुलिनला लाल टोपणाची यू-४० सिरिंज, १०० ताकदीच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची यू-१००. अदलाबदल झाली की डोस पार बदलतो. यू-१०० चं इन्सुलिन यू-४० सिरिंजने पाच खुणांपर्यंत ओढलं तर पाचऐवजी साडेबारा युनिट अंगात जातात. लहान कुत्रा त्यात बेशुद्ध पडू शकतो. पहिल्यांदा दुकानातून आणलेली बाटली आणि सिरिंज, दोन्ही डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावी.

नसबंदी न झालेल्या मादीला मधुमेह झाला असेल तर नसबंदीचा खर्च पुढे ढकलण्यात अर्थ नाही. माजानंतरच्या हार्मोनमुळे तिची साखर आटोक्यातच येत नाही आणि इन्सुलिनचा डोस चढत राहतो.

टाळलेली तपासणी महाग पडते

कुत्रा बरा दिसतोय, मग रक्ताची तपासणी कशाला, हा विचार स्वाभाविक आहे. पण सांधेदुखीच्या गोळ्या चालू असताना मूत्रपिंड आणि यकृतावर ताण येतोय का, हे कुत्र्याकडे बघून कळत नाही. कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. औषध सुरू करण्यापूर्वी एकदा, दोन ते चार आठवड्यांनी एकदा आणि मग साधारण सहा महिन्यांनी, एवढं तरी करावं. फिनोबार्बिटोनवर असलेल्या कुत्र्याची रक्तातली औषधाची पातळी आणि यकृत अधूनमधून बघावं लागतं.

काटकसर करायचीच असेल तर ती तपासण्यांच्या संख्येत नाही, निवडीत करता येते. दर वेळी अख्खं ‘सीनियर पॅकेज’ लागत नाही. ‘या औषधासाठी नेमकं काय बघायचं आहे?’ असं विचारलं तर अनेकदा दोन-तीन चाचण्यांवर काम भागतं. लघवीची साधी तपासणी तर स्वस्त असूनही मूत्रपिंडाबद्दल बरंच सांगून जाते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून नेली की झालं.

घरी फुकटात करण्यासारखंही बरंच आहे. हृदयाच्या कुत्र्याचे झोपेतले श्वास मोजायचे. शांत झोपेत मिनिटाला ३० पेक्षा कमी असावेत. दोन-तीन दिवस आकडा चढत गेला आणि तिशीच्या वर राहिला, तर डॉक्टरांना तेव्हाच कळवायचं. दिवसाढवळ्या वाढवलेली फ्युरोसेमाइडची गोळी आणि मध्यरात्रीचं ऑक्सिजनचं बिल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जिना चढण्याची पद्धत, पाण्याचं भांडं किती वेळा रिकामं होतं, फिट आलीच तर तिचा व्हिडिओ, या नोंदी डॉक्टरांचा वेळ आणि घरच्यांचे पैसे दोन्ही वाचवतात.

औषध संपायला दहा दिवस उरले की पुढचं आणावं. जुलैच्या पावसात मुंबईत दुकानं गाठणं कठीण होतं, दिवाळीत घाऊक विक्रेते बंद असतात. फिट्सचं औषध दोन दिवस चुकलं तर एकामागून एक फिट्स येऊन कुत्रा दगावूही शकतो. नवीन औषध मात्र आधी पंधरा दिवसांचंच घ्यावं. डोस बदलण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. डोस स्थिर झाला की दोन-तीन महिन्यांचं एकदम घेऊन सूट मागावी. बरेच दुकानदार देतात.

वजन उतरवणं

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्रडोर जोडी-जोडीने वाढवले होते. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणारे कुत्रे सरासरीने जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीच्या उपचारांची गरज कितीतरी उशिरा पडली. आपल्याकडे लॅब्रडोर म्हटलं की चहाबरोबरचं बिस्किट, पोळीचा शेवटचा तुकडा आणि ‘एवढ्याने काय होतंय’ हे आलंच. पण ३६ किलोचा कुत्रा ३० किलोवर आला तर सांध्यांवरचा भार कमी होतो आणि वजनावर ठरणारा औषधाचा डोसही उतरू शकतो. या उपचाराने खर्च वाढत नाही, कमीच होतो.

चिठ्ठीवरची टॉनिकं, मल्टिव्हिटॅमिन, लिव्हर सिरप यांवर पहिली कात्री चालवावी. ग्लुकोसामाइनचा सांध्यांना फायदा होतो याचा पुरावा कमकुवत आहे; माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ बद्दलचा बराच बरा आहे. डॉक्टरांना सरळ विचारावं: ‘यातलं कोणतं बंद केलं तर चालेल?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

सरकारी दवाखाने आणि महाविद्यालयं

गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी असतो, पण कुत्र्यांनाही तिथे बघतात आणि केसपेपरचं शुल्क अगदी कमी असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. पुण्याचं औंधला आहे. त्याहून जास्त सोयी पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मिळतात. मुंबईत परळला १८८६ पासून चालत आलेलं महाविद्यालय आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त तपासणी खासगीपेक्षा बरीच स्वस्त पडते. परळचंच बाई साकरबाई रुग्णालय, मुंबईकरांच्या तोंडी ‘बैलघोडा हॉस्पिटल’, धर्मादाय तत्त्वावर चालतं.

अडचणही सांगायला हवी. रांग लांब असते, दर वेळी तोच डॉक्टर भेटेल याची खात्री नसते, रात्री सेवा मिळेलच असं नाही. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला तीन तास बाकाशेजारी बसवणं सोपं नाही. त्यामुळे अनेक कुटुंबं कामाची विभागणी करतात. इको, एक्स-रे अशा मोठ्या तपासण्या महाविद्यालयात किंवा मोठ्या रुग्णालयात एकदा करून घ्यायच्या, रिपोर्ट हातात ठेवायचे आणि नेहमीचा पाठपुरावा घराजवळच्या डॉक्टरांकडे. मूत्रपिंडाच्या कुत्र्याला कातडीखाली सलाइन देण्यासारखी कामं डॉक्टर घरच्यांना शिकवूही शकतात. आठवड्याच्या दोन फेऱ्या तिथेच वाचतात.

विम्यावर फार भिस्त ठेवू नये. भारतात कुत्र्यांचा विमा मिळतो, पण घेण्यासाठी वयाची अट असते आणि आधीपासून असलेला आजार सहसा वगळलेला असतो. दहा वर्षांच्या, गोळ्या चालू असलेल्या कुत्र्यासाठी त्याचा उपयोग क्वचितच होतो. दुसरं पिल्लू आणलं असेल तर त्याचा विचार आत्ता करावा. माणसांच्या आरोग्य विम्यावर मिळणारी प्राप्तिकराची सवलत कुत्र्याच्या विम्याला लागू नाही. पशुवैद्यकीय उपचारसेवेवर मात्र जीएसटी नसतो. बिलात तपासणी फीवर तो लावलेला दिसला तर विचारावं.

सोसायटीतली कुत्री आणि ऑनलाइन मदत

म्हातारपण सोसायटीच्या गेटवर झोपणाऱ्या कुत्र्यांनाही येतं. त्यांच्या गोळ्यांचा भार बहुधा खाऊ घालणाऱ्या एकाच बाईंवर पडतो. दहा घरांनी महिन्याला शंभर-दोनशे रुपये आणि गोळी देण्याचा एकेक दिवस वाटून घेतला तर भार पेलतो. अशा कुत्र्यांसाठी सवलत देणारे डॉक्टर आणि संस्था बऱ्याच शहरांत आहेत, फक्त ते कुत्रं भटकं आहे हे पहिल्यांदाच सांगावं.

इन्स्टाग्राम-फेसबुकवर मदत मागताना दवाखान्याचं अंदाजपत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी आणि शक्यतो थेट दवाखान्याच्या खात्याचा तपशील द्यावा. देणाऱ्यानेही दवाखान्यात एक फोन करून खात्री करावी. एकाच कुत्र्याचा फोटो चार शहरांतून फिरवणारे लोक आहेत. ‘हळदीने ट्यूमर गेला’, ‘लसणाने हृदय सुधारलं’ असे फॉरवर्ड तिथेच सोडून द्यावेत. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात.

पैसे खरोखरच पुरत नसतील तर

इथे बहुतेक लोक गप्प बसतात. लाज वाटते, म्हणून डॉक्टरांकडे जाणंच बंद होतं, गोळ्या एक दिवसाआड दिल्या जातात आणि डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाहीये. मग ते आणखी महाग औषध लिहितात. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत ‘महिन्याला दोन हजारांच्या वर जमणार नाही, यात काय बसेल?’ असं सांगितलेलं बरं. पशुवैद्यकाकडे जवळजवळ प्रत्येक आजारासाठी एकापेक्षा जास्त वाटा असतात. सर्वोत्तम वाट परवडत नसेल, तर दुसरीही बेपर्वाईची नसते. कोणतं औषध कधीच चुकवायचं नाही आणि कोणतं आधी सोडता येईल, हा क्रम त्यांच्याकडून लिहून घ्यावा. फिट्सचं औषध, इन्सुलिन, स्टेरॉइड आणि हृदयाची औषधं परस्पर बंद करायची नसतात, हे त्यात पहिलं येईल.

कधी एक वेळ अशी येते की औषध वाढतं आणि कुत्र्याचे चांगले दिवस कमी होत जातात. तेव्हा तपासण्या थांबवून फक्त वेदना, मळमळ आणि श्वास एवढंच सांभाळायचं, हाही रीतसर उपचार आहे आणि त्याचा खर्च कमी असतो. कॅलेंडरवर चांगल्या दिवसावर एक खूण, वाईट दिवसावर दुसरी, अशी महिनाभराची नोंद ठेवली तर घरातल्या चौघांचं एकमत व्हायला मदत होते. दयामरणाचा विषय डॉक्टरांनीच काढावा म्हणून अनेक जण थांबून राहतात. डॉक्टर घरच्यांनी काढावा म्हणून. तो कोणीही काढू शकतो, आणि विचारलं म्हणजे ठरवलं असं होत नाही. प्रक्रिया कशी असते, घरी करता येते का, किती खर्च येतो, दहन-दफनाची सोय कुठे आहे, हे आधी विचारून ठेवलं तर त्या दिवशी फोनवर पाच ठिकाणी चौकशी करत बसावं लागत नाही.

मागे राहिलेल्या गोळ्यांचे न फोडलेले, मुदतीत असलेले पत्ते डॉक्टरांकडे नेऊन द्यावेत. पुढच्या कुत्र्याच्या महिन्याभराच्या औषधाची सोय त्यातून होऊ शकते. उघडलेली इन्सुलिनची बाटली, कापून ठेवलेल्या गोळ्या आणि अर्धवट सिरप मात्र कोणाला देऊ नयेत.